अर्थशास्त्रज्ञ पंतप्रधान कसा होतो? मनमोहन सिंगांच्या वाटचालीबद्दल

प्रश्न असा आहे: ‘मी अर्थशास्त्रात एम.ए. करतो आहे. मनमोहन सिंगांसारखं केवळ अर्थशास्त्राच्या जोरावर देशाच्या राजकारणात वरपर्यंत जाता येतं का? त्यांचं करिअर नेमकं कसं घडलं?’

आधी सरळ उत्तर देतो. केवळ अर्थशास्त्राच्या जोरावर तेही गेले नाहीत. त्यांच्याइतके, काही बाबतींत त्यांच्याहून नावाजलेले अर्थतज्ज्ञ त्या काळात दिल्लीत होते. मनमोहन सिंगांकडे दोन गोष्टी जास्तीच्या होत्या. सरकारी यंत्रणेतली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची आर्थिक खुर्ची त्यांनी स्वतः सांभाळली होती, आणि ऐन वेळी त्यांच्या पाठीशी एक मुरलेला राजकारणी उभा राहिला. तो पाठीशी होता तेव्हा त्यांनी देशाची दिशा बदलली. पुढे ते स्वतः सर्वोच्च पदावर बसले, पण सत्तेची किल्ली दुसऱ्याकडे होती. तेव्हा तेच ज्ञान असूनही अनेकदा हात बांधलेले राहिले.

माझी ओळख एवढीच की मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केली आणि आता सार्वजनिक वित्त शिकवतो. म्हणजे त्यांच्या निर्णयांकडे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. राजकारणाचा जाणकार असल्याचा दावा नाही, तेव्हा त्या बाबतीतलं माझं मत थोडं सैल धरा.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून झटपट. २६ सप्टेंबर १९३२ रोजी पश्चिम पंजाबातल्या गाह या गावी जन्म. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. फाळणीत गाव सुटलं, कुटुंब अमृतसरला आलं. पंजाब विद्यापीठ तेव्हा होशियारपूरला होतं, तिथून बी.ए. आणि एम.ए. मग केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात ट्रायपॉस (तिथली पदवी परीक्षा), १९५७ साली पहिल्या वर्गात. परत येऊन पंजाब विद्यापीठात शिकवलं आणि पुन्हा बाहेर, ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजात डॉक्टरेटला. स्कॉलरशिपवर शिकलेला, निर्वासित घरातला, अत्यंत हुशार मुलगा. अशी मुलं त्या पिढीत आणखीही होती.

इथे थोडं थांबा, कारण प्रबंधाचा विषय महत्त्वाचा आहे. १९५० च्या दशकात भारताची निर्यात जागतिक व्यापाराच्या मानाने मागे का पडली, हा तो विषय. त्या वेळी नियोजनकारांचं सर्वसाधारण मत असं होतं की आपला चहा, ताग, कापड यांना जगात फारशी वाढीव मागणी नाहीच. तेव्हा निर्यातीच्या मागे न लागता आयात कमी करा, सगळं देशातच बनवा. या तरुणाने आकडे मांडून म्हटलं की दोष जगाच्या मागणीत आहे तितकाच आपल्या धोरणातही आहे. प्रबंधाचं पुस्तक १९६४ साली निघालं. तेव्हा त्याचा धोरणावर काही परिणाम झाला नाही. २७ वर्षांनी झाला, आणि तो लिहिणाऱ्याच्याच हातून झाला.

मधल्या काळात काय झालं, ते तुमच्या कामाचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेत ते तीन वर्षं होते. १९६९ मध्ये ती चांगल्या पगाराची नोकरी सोडून दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला प्राध्यापक झाले. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, परराष्ट्र व्यापार मंत्रालयात आर्थिक सल्लागार म्हणून गेले आणि वर्गातलं शिकवणं कायमचं मागे पडलं. १९७२ ला अर्थमंत्रालयात मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ पासून आर्थिक व्यवहार खात्याचे सचिव, १९८० ला नियोजन आयोगाचे सदस्य-सचिव, १९८२ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९८५ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, पुन्हा इंदिरा गांधी, राजीव गांधी. सरकारं बदलली, पक्ष बदलले, हे टिकून राहिले.

याचा अर्थ ते सरड्यासारखे रंग बदलणारे होते असा काही जण लावतात. मला तो अन्यायाचा वाटतो, पण त्यात तथ्याचा एक कण आहे हेही नाकारत नाही. निर्यातीवर ज्याने असा प्रबंध लिहिला, त्याने पुढची वीस वर्षं परवाना-कोटा-नियंत्रणाच्या व्यवस्थेतच काढली. १९७४ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा केंद्र सरकारने वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत वळवला आणि कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा घातली. मुख्य आर्थिक सल्लागार तेव्हा हेच होते. महागाई खाली आली. औषध कडू होतं आणि ते पूर्णपणे सरकारी नियंत्रणाच्या कपाटातलं होतं. सल्लागाराचं काम असंच असतं. समोर जी चौकट आहे तिच्यात राहून कमीत कमी वाईट मार्ग सुचवायचा, टिपण लिहायचं, फाइल वर पाठवायची. चौकट मोडायचा अधिकार त्याला नसतो.

मात्र या वीस वर्षांत त्यांना एक गोष्ट मिळाली जी विद्यापीठात मिळत नाही. सरकारचा पैसा कुठून येतो, कुठे अडतो, कोणत्या खात्याचा सचिव कोणत्या टप्प्यावर फाइल रोखून धरतो, रिझर्व्ह बँक आणि अर्थमंत्रालय यांच्यात कोण कोणाला झुकवतं, हे त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं. गव्हर्नर असताना, डिसेंबर १९८२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने सुखमय चक्रवर्ती समिती नेमली. सरकारची तूट भरण्यासाठी बँकेने नोटा छापत राहायचं या सवयीवर त्या समितीने नेमकं बोट ठेवलं. त्याच काळात बँकेचे एक डेप्युटी गव्हर्नर होते सी. रंगराजन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक सवय याच काळात दिसते, ती म्हणजे राजीनामा देऊ करण्याची. गव्हर्नर असताना एका परदेशी बँकेच्या परवान्यावरून सरकारशी खटका उडाला, तेव्हा त्यांनी राजीनामा पुढे केला. राजीव गांधींनी नियोजन आयोगाला विदूषकांचा कंपू म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. तेव्हा उपाध्यक्ष असलेल्या मनमोहन सिंगांच्या मनात पद सोडण्याचा विचार आला होता, असं आयोगाच्या तेव्हाच्या सचिवांनी लिहून ठेवलं आहे. ज्याच्यामागे मतदार नाहीत, पक्षाची फौज नाही, त्याच्या हातात हेच एक शस्त्र असतं. ते फार वेळा वापरता येत नाही आणि प्रत्येक वेळी त्याची धार कमी होते.

१९८७ ते १९९० ते जिनिव्हात होते, टांझानियाचे माजी अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या साउथ कमिशन या विकसनशील देशांच्या आयोगाचे महासचिव म्हणून. परतल्यावर तेव्हाचे पंतप्रधान चंद्रशेखर यांचे आर्थिक सल्लागार झाले आणि मार्च १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. वय ५८. कारकीर्द मानाने संपायला आली आहे असंच कोणीही म्हटलं असतं.

आता १९९१. हा भाग मी सावकाश सांगणार आहे.

त्या वर्षी परकीय चलनाची टंचाई होती हे वाक्य पुस्तकात सगळे वाचतात. ती टंचाई काउंटरवर कशी दिसायची ते सांगतो. आयातदार आमच्याकडे लेटर ऑफ क्रेडिट उघडायला यायचा. एलसी म्हणजे बँकेची हमी, की माल जहाजावर चढल्याची कागदपत्रं आली की परदेशी विक्रेत्याला पैसे मिळतील. एरवी ग्राहकाची पत पाहून बँक थोडंफार मार्जिन रोख घेते. रिझर्व्ह बँकेने हे मार्जिन वाढवत वाढवत एप्रिल १९९१ मध्ये, भांडवली यंत्रसामग्री वगळता बहुतेक आयातीसाठी, २०० टक्क्यांवर नेलं. म्हणजे दहा लाखांचा माल मागवायचा तर वीस लाख रुपये रोख बँकेत अडकवून ठेवा. रासायनिक कच्चा माल आणणारे छोटे कारखानदार परिपत्रक पुन्हा पुन्हा वाचायला मागायचे. त्यांना वाटायचं, छपाईची चूक आहे. हे सरळसरळ आयात बंद पाडण्याचं साधन होतं आणि ती बंद पडलीही. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते आणि परदेशी बँका अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला तयार नव्हत्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. सोन्याची पहिली विक्री मनमोहन सिंगांनी केली नाही. तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं मे महिन्यात, चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारच्या वेळी, स्टेट बँकेमार्फत परदेशात गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले, ते मात्र नव्या सरकारच्या काळात. तसंच, सुधारणांच्या कल्पनाही एका रात्रीत सुचलेल्या नव्हत्या. सरकारातले अर्थतज्ज्ञ अधिकारी माँटेकसिंग अहलुवालिया यांचं टिपण १९९० मध्येच सरकारी वर्तुळात फिरत होतं. कल्पना फाइलीत तयार होत्या, अडलं होतं ते सही करणाऱ्यापाशी.

नवे पंतप्रधान नरसिंह रावांना अर्थमंत्री म्हणून राजकारणी नको होता. पहिली विचारणा आय. जी. पटेल यांना झाली, तेही रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. त्यांनी नकार दिला. मग मनमोहन सिंग. २१ जून १९९१ रोजी शपथ झाली तेव्हा ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. नाव निवडताना रावांच्या डोक्यात हिशेब होता असं मला वाटतं: आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि परदेशी बँकांना ओळखीचा, विश्वासाचा चेहरा हवा, आणि तो असा हवा की ज्याचा पक्षात गट नाही. यश आलं तर सरकारचं, फसलं तर अर्थमंत्र्याचा बळी देता येईल.

पहिल्या दहा-बारा दिवसांतच रुपयाचं अवमूल्यन झालं, दोन टप्प्यांत: १ जुलैला छोटं, ३ जुलैला त्याहून मोठं. एक डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता तो जवळपास २६ वर गेला. दोन टप्पे कशासाठी? पहिल्याने बाजाराचा अंदाज घ्यायचा आणि दुसऱ्याने काम पुरं करायचं. पहिल्या टप्प्यानंतर आरडाओरडा सुरू झाला. १९६६ च्या अवमूल्यनाने इंदिरा गांधींना किती मनस्ताप झाला होता, ते रावांना पाठ होतं. त्यांनी ३ तारखेच्या सकाळी दुसरा टप्पा थांबवायला सांगितलं. अर्थमंत्र्यांनी मुंबईला फोन लावला, तो रंगराजन यांना. उत्तर आलं की नवे दर आधीच जाहीर झाले आहेत. हा किस्सा स्वतः रंगराजन यांनीच सांगितला आहे. फोनच्या दोन्ही टोकांना जुने सहकारी होते. ते उत्तर ऐकून अर्थमंत्री हळहळले असतील असं मला काही वाटत नाही.

खरी गंमत मात्र त्याच आठवड्यातल्या व्यापार धोरणात आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. निर्यातदारांना सरकार रोख भरपाई देत असे. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला आपोआपच जास्त रुपये मिळतात, मग अनुदान कशाला? ते बंद केलं. तिजोरीतले पैसे वाचले, तूट कमी व्हायला मदत झाली. त्याच्या जागी निर्यातदाराला ‘एक्झिम स्क्रिप’ नावाचा कागद मिळू लागला: निर्यातीच्या ३० टक्के रकमेइतकी आयात करण्याचा हक्क, आणि तो बाजारात विकताही येणारा. म्हणजे आयात परवाना आता दिल्लीतल्या कारकुनाच्या टेबलावर मिळेना, तो निर्यात करूनच मिळायचा किंवा बाजारात विकत घ्यायचा. व्यापारमंत्री चिदंबरम होते, सचिव अहलुवालिया. ही सगळी साखळी पाहा: अवमूल्यन, अनुदान बंद, आयातीचा हक्क निर्यातीला बांधलेला. १९६४ च्या पुस्तकातला युक्तिवाद, पण आता सरकारी राजपत्रात. आमच्या काउंटरवर काही महिन्यांत स्क्रिपचे भाव विचारणारे फोन येऊ लागले. बाजार म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्या फोनांनी जास्त शिकवलं.

२४ जुलैचं अंदाजपत्रकी भाषण सगळ्यांना माहीत आहे, त्यातलं व्हिक्टर ह्यूगोचं वाक्य तर इतकं वापरलं गेलं आहे की मी ते इथे देत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं त्याच दिवशी आधी घडलं. नवं औद्योगिक धोरण संसदेत मांडलं गेलं आणि १८ उद्योग सोडून बाकी सगळीकडचा परवाना रद्द झाला. ते धोरण मनमोहन सिंगांच्या खात्याचं नव्हतं. उद्योग खातं पंतप्रधान रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि निवेदन राज्यमंत्र्यांकडून मांडून घेतलं. परवानाराज मोडल्याचं श्रेय मनमोहन सिंगांना जातं, पण कायदेशीर सही पाहिली तर ती रावांच्या खात्याची आहे. ज्याला पंचवीस टक्के श्रेय मिळालं त्याने पंचाहत्तर टक्के धोका पत्करला होता.

आणि मग खताचा प्रश्न. अंदाजपत्रकात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. काँग्रेसचेच खासदार उसळले. ग्रामीण भागातून निवडून आलेल्या माणसाला पेरणीच्या हंगामात युरियाचा भाव समजावून सांगायचा म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं. अर्थमंत्र्यांना त्या वेळी ते तितकं माहीत नसावं. रावांनी पक्षाच्या बैठकीत सगळ्यांना बोलू दिलं, राग निघू दिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली: वाढ ३० टक्क्यांवर आणली, लहान व सीमांत शेतकऱ्यांना सूट. अर्थमंत्र्यांनी आकडा दिला, पंतप्रधानांनी तो पचनी पाडला, आणि मूळ गाभा शाबूत राहिला. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्याने भाषण तर वाचावंच, पण त्यानंतरचे हे दोन आठवडेही वाचावेत. पाठ्यपुस्तकात ते नसतात.

पुढची पाच वर्षं एकाच गोष्टीला वाहिलेली दिसतात: निर्णय अधिकाऱ्याच्या हातून काढून दराकडे सोपवायचा. मार्च १९९२ मध्ये दुहेरी विनिमय दर आला. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने द्यायचे, ६० टक्के बाजारभावाने. वर्षभराने दोन्ही दर एक झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, म्हणजे व्यापार आणि सेवांच्या देण्याघेण्यासाठी रुपयाचं परकीय चलन करण्याची मुभा आली. कंपन्यांच्या नव्या शेअरविक्रीला परवानगी देणाऱ्या भांडवली निर्गम नियंत्रकाचं कार्यालय गेलं, सेबीला, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाला, कायद्याचा आधार मिळाला. १९९४ मध्ये सेवाकर आला, तोही फक्त तीन सेवांवर ५ टक्के. आणि सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला की हंगामी सरकारी हुंड्या (अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिलं) काढून बँकेकडून आपोआप पैसे उचलणं तीन वर्षांत बंद करायचं. १९८२ मध्ये गव्हर्नर म्हणून ज्या दुखण्यावर समिती नेमली, त्यावरचं औषध अर्थमंत्री म्हणून त्यांनी लिहून दिलं. समोर गव्हर्नर कोण? रंगराजनच.

सगळं गोड नव्हतं. १९९२ मध्ये रोखे घोटाळा फुटला. बँका आणि दलाल यांच्यातल्या व्यवहारांतली भोकं अर्थमंत्रालय आणि रिझर्व्ह बँक दोघांनाही वेळेत दिसली नव्हती. संयुक्त संसदीय समितीच्या अहवालानंतर त्यांनी राजीनामा देऊ केला, रावांनी तो घेतला नाही. वित्तीय तूटही १९९३-९४ मध्ये पुन्हा ७ टक्क्यांच्या घरात गेली. पहिल्या दोन वर्षांची शिस्त संकट सरल्यावर टिकली नाही.

आता तुमच्या प्रश्नातला ‘राजकारण’ हा भाग. ते राज्यसभेवर आसाममधून गेले, १९९१ पासून सलग २०१९ पर्यंत. त्या वेळच्या नियमाप्रमाणे उमेदवार त्या राज्याचा रहिवासी मतदार लागत असे, म्हणून गुवाहाटीतला पत्ता. लोकसभा एकदाच लढवली, १९९९ ला दक्षिण दिल्लीतून, आणि पडले. ज्या मध्यमवर्गाला उदारीकरणाचा सर्वांत जास्त फायदा झाला असं म्हणतात, त्याच वर्गाच्या मतदारसंघात. पुन्हा ते लोकसभेला उभे राहिले नाहीत.

मराठी वाचकाला इथे चिंतामणराव देशमुख आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पहिले भारतीय. तेही मग अर्थमंत्री. पण १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले होते आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयावर राजीनामा देऊन बाहेर पडले. राजीनामा देऊ करणं आणि देऊन मोकळं होणं यांत फरक आहे. देशमुखांमागे त्या क्षणी अख्खा मराठी मुलूख होता. मनमोहन सिंगांमागे असा मुलूख कधी नव्हता. अर्थात देशमुख पुढे कधी पंतप्रधानपदाच्या जवळपासही आले नाहीत, हेही खरं.

२००४ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारलं आणि २२ मे रोजी ते पंतप्रधान झाले. निवड करण्यामागचं कारण १९९१ सारखंच होतं: सर्वांना चालणारा, स्वच्छ, गट नसलेला माणूस. फरक एवढा की १९९१ मध्ये पाठीशी पंतप्रधान होता. आता तेच पंतप्रधान होते, पण पक्ष, खासदार आणि मित्रपक्षांशी वाटाघाट सोनिया गांधींकडे. मंत्री कोण व्हायचा हेही बऱ्याच अंशी मित्रपक्ष ठरवत.

पहिली पाच वर्षं तरीही जोरात गेली. सलग काही वर्षं विकासदर नऊ टक्क्यांच्या आसपास राहिला. माहिती अधिकार, रोजगार हमी हे कायदे आले, त्यातली रोजगार हमीची कल्पना तर महाराष्ट्रातून देशभर गेलेली. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर त्यांनी सरकार पणाला लावलं. डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ रोजी विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. या एका विषयावर ते टोकाला गेले, आणि तो विषय अर्थशास्त्राचा नव्हता, हे मला नेहमी लक्षणीय वाटत आलं आहे.

शेतीत मात्र टेबलावरचा हिशेब आणि बांधावरची वस्तुस्थिती यांचं अंतर दिसलं. जुलै २००६ मध्ये त्यांनी विदर्भात येऊन आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातला मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा होता. धोरण म्हणून बरोबरच, पण ज्याचं त्या हंगामातलं कापसाचं देणं थकलं होतं त्याला कालव्याचा उपयोग दहा वर्षांनी होणार. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. यवतमाळमधल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे तीन हेक्टर असतात आणि उत्पन्न बागायतीच्या अर्ध्या हेक्टराइतकंही नसतं. तो ‘मोठा शेतकरी’ ठरला आणि बाहेर राहिला. देशपातळीवर एकच आकडा लावला की असं होतं, आणि हे कोणत्याही गावच्या तलाठ्याने सांगितलं असतं.

२००९ नंतरच्या दुसऱ्या कारकिर्दीचं वर्णन मी एका पत्रावरून करतो, जे खरं तर पहिल्या कारकिर्दीतलं आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांनी दूरसंचार मंत्र्यांना लिहिलं की स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठीच्या लहरी) देताना पारदर्शकता ठेवा, लिलावाचा विचार करा. सल्ला अचूक होता. मंत्र्यांचं उत्तर लगेच आलं आणि जानेवारी २००८ मध्ये परवाने त्यांना हवे तसेच वाटले गेले. ते १२२ परवाने पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. फौजदारी खटल्यात २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, हेही नोंदवायला हवं. पण पत्राकडे पाहा. ते सल्लागाराचं टिपण आहे. मुख्य आर्थिक सल्लागाराने ते लिहिलं असतं तर त्याचं काम तिथे संपलं असतं. पंतप्रधानाचं तिथे सुरू होतं. कोळसा खाणींच्या वाटपाबाबतही तेच: लिलावाचा मार्ग सरकारमध्येच सुचवला गेला होता, काही काळ खातं खुद्द त्यांच्याकडे होतं, आणि तरी वाटप जुन्या पद्धतीने चालू राहिलं.

२०१२ च्या सप्टेंबरात त्यांनी डिझेल दरवाढ आणि किरकोळ व्यापारातली परकीय गुंतवणूक यांबद्दल दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितलं की पैसे झाडाला लागत नाहीत. चेष्टा खूप झाली. विधान शंभर टक्के खरं होतं, पण ते ऐकवायला १९९१ मध्ये जो राव होता, तो आता नव्हता. वर्षभराने त्यांच्याच मंत्रिमंडळाचा, दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींना अपात्रतेपासून वाचवणारा वटहुकूम त्यांच्याच पक्षाचे उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी पत्रकारांसमोर फेकण्याच्या लायकीचा ठरवला. पंतप्रधान तेव्हा परदेशात होते. यावेळी त्यांनी राजीनामा दिला नाही. माझ्या मते द्यायला हवा होता.

पद गेल्यावर त्यांचं एक भाषण झालं, नोव्हेंबर २०१६ मध्ये, राज्यसभेत, नोटाबंदीवर. काही मिनिटांचंच. त्यांनी सरकारी अंमलबजावणीला संघटित लूट म्हटलं आणि विकासदर सुमारे दोन टक्क्यांनी घटेल असं सांगितलं. मोजून बोलणारा माणूस म्हणून ख्याती असल्यामुळे ते शब्द टोचले. २६ डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. ती वाट आज तशीच्या तशी उरलेली नाही. नियोजन आयोग गेला, त्या जागी नीती आयोग आला, ज्याच्या हातात निधीवाटप नाही. मुख्य आर्थिक सल्लागार आजही बाहेरून येतात, पण ठरावीक मुदत संपली की बहुतेक परत जातात. वीस वर्षं एकेक खुर्ची बदलत आत राहणारा अर्थतज्ज्ञ आता विरळा. धोरणात काम करायचं असेल तर भारतीय आर्थिक सेवा किंवा रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग यांच्या परीक्षा द्या. तिथे गेल्यावर एखादं जिल्हा पातळीवरचं, राज्य सरकारच्या वित्त विभागातलं काम मिळत असेल तर ते नाकारू नका. आणि राजकारणच करायचं असेल तर एम.ए. पूर्ण करून एक निवडणूक लढवा, जिल्हा परिषदेची का होईना. पडलात तरी चालेल, पण पहिली निवडणूक वयाच्या ६७ व्या वर्षी लढवू नका.